दहा हजार सहाशेचा आकडा आणि न खणलेली विहीर

भारतात जमिनीखालच्या उष्णतेपासून 10,600 मेगावॅट वीज निर्माण होऊ शकते, हे वाक्य तुम्ही कुठे ना कुठे वाचलेलं असणार. सरकारी अहवालात ते असतं, संसदेतल्या उत्तरात असतं, स्पर्धा परीक्षेच्या गाईडात असतं, शाळेच्या विज्ञान प्रदर्शनातल्या पुठ्ठ्यावरही असतं. गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकापासून हा आकडा गावोगाव फिरतोय आणि एवढ्या भटकंतीत त्याला साधं खरचटलेलंही नाही. आता त्याच्या शेजारी दुसरा आकडा मांडा. या उष्णतेवर चालणारी व्यावसायिक वीजकेंद्रं भारतात किती? शून्य. पहिला आकडा सगळ्यांना पाठ आहे, दुसऱ्याचं नावही कुणी काढत नाही. मी दुसऱ्याबद्दल बोलणार आहे.

आधी पहिल्याची कुळकथा पाहू. भारतात गरम पाण्याचे साडेतीनशेच्या आसपास झरे आहेत. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने त्यांची मोजदाद केली, नकाशे केले, पाणी तपासलं. पाण्यात विरघळलेलं सिलिका, सोडियम, पोटॅशियम यांच्या प्रमाणावरून खाली खोलवर किती तापमान असावं हे ताडता येतं. मग तापलेल्या खडकाचं आकारमान गृहीत धरायचं, त्यातली किती उष्णता वर आणता येईल ते गृहीत धरायचं, तिच्यातून किती वीज होईल तेही गृहीत धरायचं. पद्धत शास्त्रीय आहे, जगभर वापरतात, मला तिच्याबद्दल तक्रार नाही. पण ही पहिली पायरी आहे. हे प्राक्कलन करायचं कशासाठी? कुठे खणायचं ते ठरावं म्हणून. आम्ही प्राक्कलन केलं, ते छापलं आणि तिथेच बसलो. त्यात त्या शेवटच्या सहाशेची करामत बघा. नुसतं 'दहा हजार' म्हटलं असतं तर ऐकणाऱ्याला अंदाज वाटला असता. वर सहाशे चिकटवले की कुणीतरी मीटर लावून मोजल्यासारखं वाटतं. कुणीही मोजलेलं नाही. मोजायचं तर खाली जावं लागतं.

आम्ही किती खाली गेलो, ते पुगाला विचारा. लडाखच्या चांगथांग पठारावर, समुद्रसपाटीपासून सुमारे 4,400 मीटर उंचीवरची ही दरी. भारतीय भूखंड आशियाला जिथे धडकला त्या सांध्याजवळची जागा. उणे वीस-तीस अंशांच्या थंडीत इथे जमिनीतून वाफ निघते, पाणी उकळतं, काठावर गंधक आणि टाकणखार साचतो. देशातल्या सगळ्या भूवैज्ञानिकांचं एका जागेबद्दल एकमत असेल तर ते पुगाबद्दल. 1973 च्या सुमारास तिथे शोधकाम सुरू झालं. पुढच्या वर्षांत 34 बोअर घेतले गेले. सगळ्यात खोल बोअर किती? 385 मीटर. एवढ्या उथळ खोलीतही 140 अंशांपर्यंत तापमान मिळालं. आणखी खाली 200 अंशांच्या पुढे असावं, असं पाण्याचं रसायनशास्त्र सांगत होतं.

आता तुम्हीच सांगा, शहाणा माणूस इथे काय करेल? आणखी खाली जाईल. आमच्या शहाण्यांनी अहवाल लिहिला. जगात भूऔष्णिक विजेसाठीच्या विहिरी साधारणपणे एक ते तीन किलोमीटर खोल असतात. मराठवाड्यातला शेतकरी प्यायच्या पाण्यासाठी पदरचे पैसे घालून हजार फूट खाली जातो. देशाच्या सर्वोत्तम भूऔष्णिक जागेवर देशाचं सरकार त्याच्यापेक्षा फारसं खोल गेलं नाही.

आणि 'आपल्याला जमत नाही' हे कारण तर कुणी देऊच नये. साताऱ्याच्या कोयनेत आम्ही 3 किलोमीटर खोल गेलो आहोत. 1967 च्या भूकंपानंतर कोयना परिसर जगभरच्या भूकंपशास्त्रज्ञांच्या नकाशावर आला. धरणातल्या पाण्याचा आणि भूकंपांचा संबंध समजून घेण्यासाठी केंद्राच्या पृथ्वी विज्ञान मंत्रालयाने तिथे बेसाल्टचा सव्वा किलोमीटर जाड थर भेदून खालच्या ग्रॅनाइटमध्ये छिद्र नेलं. 2017 मध्ये ते काम पूर्ण झालं. उत्तम काम, अभिमान वाटावा असं. म्हणजे रिग आहे, माणसं आहेत, अनुभव आहे, मनात आलं तर पैसाही आहे. पुगाच्या बाबतीत मनातच आलेलं नाही.

पुगाबाहेरची कामगिरीही ऐकून ठेवा. हिमाचलात मणिकरणला प्रायोगिक वीजसंच बसवला होता. क्षमता 5 किलोवॅट. एखाद्या बऱ्यापैकी बंगल्याच्या वीजबिलावर जेवढा मंजूर भार छापलेला असतो, तेवढी. छत्तीसगडच्या तातापानीत बोअरमधून 100 अंशांच्या आसपासचं पाणी मिळालं. 2013 मध्ये एनटीपीसीने तिथल्या प्रकल्पासाठी सामंजस्य करार केला. करार झाला, वीज झाली नाही. तेलंगणात मणुगुरूजवळ सिंगरेणी कोळसा कंपनीने 20 किलोवॅटचा संच उभारला, तोही कोळसा शोधायला घेतलेल्या बोअरमधून गरम पाणी वर आलं म्हणून. कोळसा शोधताना चुकून सापडलेली उष्णता वापरली जाते आणि उष्णता म्हणूनच शोधलेली जागा तशीच पडून राहते. याला ऊर्जानियोजन म्हणायचं?

आता केनियाकडे चला. मुद्दाम केनिया, कारण आइसलँडचं नाव घेतलं की आपले लोक ताबडतोब म्हणतात, ते श्रीमंत आहेत, मूठभर आहेत, त्यांचं काय! केनिया श्रीमंत नाही. दरडोई उत्पन्नात तो आपल्या पुढे नाही. नैवाशा सरोवराजवळ ओल्कारिया नावाची जागा आहे. 1956 मध्ये, देश ब्रिटिशांच्या ताब्यात असताना, तिथे दोन विहिरी खणल्या गेल्या. त्यातली एक 900 मीटरहून खोल होती. म्हणजे स्वतंत्र भारताने नंतर पुगात जे केलं त्याच्या दुपटीहून जास्त. त्या विहिरींतून वापरण्याजोगी वाफ निघाली नाही. पैसा वाया गेला. आपल्याकडे असं झालं असतं तर चौकशी समिती नेमली गेली असती आणि त्यानंतर पन्नास वर्षं कुणी त्या दरीकडे फिरकलं नसतं. केनिया सत्तरच्या दशकात संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाची मदत घेऊन पुन्हा त्याच जागी गेला, पुन्हा खणलं, आणि 1981 मध्ये 15 मेगावॅटचा पहिला संच सुरू केला. 1985 पर्यंत 45 मेगावॅट झाले. आज केनियाची भूऔष्णिक क्षमता साडेनऊशे मेगावॅटच्या आसपास आहे आणि देशात तयार होणाऱ्या विजेत तिचा वाटा चाळीस टक्क्यांहून अधिक आहे. दुष्काळात धरणं आटतात तेव्हा नैरोबीचे दिवे या वाफेवर जळतात. आता केनियाचे तंत्रज्ञ शेजारच्या इथिओपियात आणि जिबूतीत विहिरी खणून देतात.

त्यांनी केलेली खरी शहाणपणाची गोष्ट तंत्रज्ञानाची नव्हतीच, ती पैशाची होती. विहीर खणायच्या आधी खाली नेमकं काय आहे, हे कुणालाच माहीत नसतं. एका खोल विहिरीला जगभर काही दशलक्ष डॉलर लागतात, आणि नव्या जागेवरच्या पहिल्या विहिरी फसण्याची शक्यता मोठी असते. एवढा धोका खाजगी उद्योजक घेत नाही, घेऊही नये. म्हणून केनियाने 2008 मध्ये सरकारी भूऔष्णिक विकास कंपनी काढली. खणायचं सरकारने, फसलं तर सरकारचं, वाफ लागली की ती विकायची आणि पुढे वीजकेंद्र ज्याला उभारायचं त्याने उभारावं. हेही सोपं गेलं नाही. मेनेंगाईच्या ज्वालामुखीत त्यांनी 2011 मध्ये खणायला सुरुवात केली आणि तिथली पहिली वीज 2023 मध्ये आली. बारा वर्षं लागली. पण सुरुवात केली म्हणून बारा लागली. सुरुवातच न करणाऱ्याला किती लागतात, याचं उत्तर आपण पन्नास वर्षं देतो आहोत.

इथे भूगर्भशास्त्र थोडंफार वाचलेले गृहस्थ हात वर करतात. केनिया पूर्व आफ्रिकेच्या खचदरीत आहे, तिथे ज्वालामुखी आहेत, आपल्याकडे ते नाहीत. बरोबर. हा आक्षेप खरा आहे आणि मी तो पूर्ण मान्य करतो. भारताला ओल्कारिया मिळणार नाही. इंडोनेशिया किंवा फिलिपिन्ससारखी दोन-अडीच हजार मेगावॅटची मजल आपण सहजी मारणार नाही. पण मग तुर्कस्तानचं काय करायचं? पश्चिम अनातोलियात धगधगते ज्वालामुखी नाहीत. तिथे भूकवच ताणलं गेलंय, भेगांमधून खोलवरचं गरम पाणी वर येतं. 1984 मध्ये किझिल्देरेला वीस मेगावॅटच्या आतलं एक केंद्र झालं आणि पुढे वीसेक वर्षं तेही जवळपास आपल्यासारखेच निजून राहिले. 2007 मध्ये त्यांनी भूऔष्णिक कायदा केला, पुढे विजेला ठरावीक दराची हमी दिली, सरकारी संस्थेने शोधलेल्या जागा उद्योजकांना लिलावाने दिल्या. आज तिथे 1,700 मेगावॅटच्या आसपास क्षमता आहे. मुळात वीज करायला उकळती वाफच लागते असंही नाही. कमी तापमानाला उकळणारा दुसरा द्रव त्या गरम पाण्याने तापवायचा आणि त्याच्या वाफेवर टर्बाइन फिरवायचं, अशी द्विचक्री पद्धत कित्येक वर्षं वापरात आहे. अमेरिकेच्या अलास्कात चेना नावाच्या ठिकाणी 2006 पासून 74 अंशांच्या पाण्यावर वीज होते, कारण बाहेर गारठा आहे आणि थंड करायला गार पाणी आहे. पुगात पाणी त्याहून बरंच गरम आहे आणि गारठ्याची टंचाई तर नक्कीच नाही.

दुसरा आक्षेप अर्थतज्ज्ञांचा. सौर वीज स्वस्त आहे, मग हा उपद्व्याप कशाला? सौर वीज स्वस्त आहे हे खरंच, आणि तिने देशाचं फार भलं केलं आहे. पण ती संध्याकाळी सहानंतर स्वस्त नसते, कारण तेव्हा ती नसतेच. सौर प्रकल्प वर्षभरात आपल्या क्षमतेच्या वीस-पंचवीस टक्के वीज देतो. चांगलं भूऔष्णिक केंद्र ऐंशी टक्क्यांच्या पुढे जातं. रात्री चालतं, ढगात चालतं, जानेवारीत चालतं. लडाखचा जानेवारी तुम्हाला ठाऊक आहे? सिंधू गोठते, निमू-बाझगोसारख्या जलविद्युत केंद्रांचं पाणी रोडावतं, श्रीनगरकडून 2019 मध्ये आलेल्या वाहिनीवर सगळा भार येतो आणि जिथे ती पोचत नाही तिथे डिझेल जाळलं जातं. ते डिझेल पाच हजार मीटरच्या खिंडी ओलांडून ट्रकने चढवायचं. सैन्याच्या चौक्या त्यावर, वस्त्या त्यावर. आणि त्याच पठाराच्या पोटात चोवीस तासांची उष्णता आहे. डिझेल वर चढवतो त्याच सरकारच्या कपाटात पुगाचे अहवाल धूळ खात पडले आहेत. याहून मोठी उधळपट्टी मला माहीत नाही.

पैशाचंही बोलू. लडाखमधल्या 13 गिगावॅटच्या नवीकरणीय प्रकल्पाची वीज हरियाणापर्यंत आणायला केंद्र सरकारने 2023 मध्ये वीस हजार कोटींहून अधिक खर्चाची पारेषण वाहिनी मंजूर केली. रात्रीची सोय म्हणून 12 गिगावॅट-तासांची बॅटरीही त्या योजनेत आहे. करा, जरूर करा. पण पुगात आणि लडाखमधल्याच चुमाथांगमध्ये दहा खोल विहिरी खणायच्या, उंची, थंडी, वाहतूक सगळं धरून प्रत्येकीला शंभर कोटी लावायचे, तरी हजार कोटी होतात. त्या एका वाहिनीच्या खर्चाचा विसावा भाग. तेवढ्यात पन्नास वर्षांचा प्रश्न निकालात निघतो: वाफ आहे की नाही?

कोरड्या विहिरीची भीती तर मला अजिबात समजत नाही. ओएनजीसी तेल आणि वायूसाठी वर्षाला पाचशेच्या घरात विहिरी खणते. त्यातल्या शोधविहिरी कित्येकदा कोरड्या निघतात. कुणी त्याला घोटाळा म्हणत नाही, कारण तेलधंद्याचा तो स्वभाव आहे हे सगळ्यांना कळतं. मग तेलासाठी केलेला खड्डा फसला तर ते संशोधन आणि वाफेसाठी केलेला फसला तर ती उधळपट्टी, हे कुठल्या शास्त्रात लिहिलंय?

याच ओएनजीसीने फेब्रुवारी 2021 मध्ये लडाख प्रशासनाशी पुगासाठी करार केला. पहिला टप्पा 500 मीटरपर्यंतचा आणि एक मेगावॅटचा. उशिरा का होईना कुणीतरी हात घातला, म्हणून मला आनंदच झाला होता. ऑगस्ट 2022 मध्ये बोअर घेताना दाबाखालचं गरम पाणी उसळून बाहेर आलं, पुगाच्या ओढ्यात गेलं आणि काम थांबवावं लागलं. या प्रसंगाने दोन गोष्टी सिद्ध झाल्या आणि दोन्ही लक्षात ठेवण्यासारख्या आहेत. एक, खाली दाब आहे, उष्णता आहे. दोन, आमची तयारी कमी पडली. भूऔष्णिक पाण्यात आर्सेनिक, बोरॉन असू शकतं. ते ओढ्यात सोडायचं नसतं, वेगळ्या विहिरीतून पुन्हा खाली घालायचं असतं. त्या ओढ्यावर चांगपा पशुपालकांची पश्मिना बकरी जगते, त्या पाणथळीत काळ्या मानेचे क्रौंच येतात. वीज दिल्लीला आणि गढूळ ओढा चांगपांना, असा हिशेब असेल तर माझा या प्रकल्पाला विरोध राहील. केनियाचं कौतुक करताना मी हेही सांगतो, की ओल्कारियात मसाई कुटुंबांना जागेवरून हलवलं गेलं आणि त्यांची तक्रार थेट जागतिक बँकेच्या तपास मंडळापर्यंत गेली. विकसनशील देशाची वीज ही तिथल्या गरिबांच्या उरावर उभी करायची नसते. पहिला दिवा पुगाच्या वस्तीत लागला पाहिजे, पहिली ऊब तिथल्या शाळेला मिळाली पाहिजे.

आता आपल्या अंगणात येऊ, कारण इथे उलट्या टोकाचे वीर आहेत. पालघरपासून राजापूरपर्यंत कोकणाच्या पट्ट्यात गरम पाण्याची कुंडं आहेत: वज्रेश्वरी, गणेशपुरी, सव, उन्हवरे, आरवली, तुरळ, उन्हाळे. दर दोन-चार वर्षांनी कुणीतरी पुढारी त्यांच्यापैकी एखाद्यावर वीजकेंद्र उभारण्याची घोषणा करतो. साहेब, ते पाणी चाळीस ते सत्तर अंशांच्या आसपासचं आहे आणि बाहेर कोकणचा दमट उकाडा आहे. चेनाचा गारठा तुम्ही कुठून आणणार? या पाण्यावर विजेची स्वप्नं दाखवणं ही फसवणूक आहे. पण उष्णता ही फक्त विजेसाठीच असते, असं कुणी सांगितलं? आइसलँडमध्ये याच उष्णतेवर माशांची डोकी सुकवतात आणि नायजेरियाला विकतात. केनियात गुलाबाची हरितगृहं या उष्णतेवर चालतात आणि ते गुलाब युरोपात जातात. आपल्या कोळिणी आजही वाळूवर मासळी पसरून आभाळाकडे बघत बसतात. अवकाळी पाऊस आला की माल कुजतो. कोकमाची, आमसुलांची तीच गत. साठ-सत्तर अंशांच्या पाण्यावर हवा तापवून एक चांगलं वाळवणगृह चालू शकतं. त्यासाठी ना टर्बाइन लागतं, ना परदेशी सल्लागार. कुंडाला, देवस्थानाला, आंघोळीला येणाऱ्या माणसांना हात न लावता हे करता येईल. करत का नाहीत? कारण वाळवणगृहाच्या भूमिपूजनाला मंत्री येत नाहीत.

सप्टेंबर 2025 मध्ये केंद्राने राष्ट्रीय भूऔष्णिक ऊर्जा धोरण जाहीर केलं. त्याआधी 2016 मध्ये एक मसुदा आला होता, त्यात 2022 आणि 2030 या सालांसाठी मोठमोठी उद्दिष्टं होती. 2022 आलं आणि गेलं. नवं धोरण मी वाईट म्हणणार नाही. परवान्यांची पद्धत आहे, जुन्या तेलविहिरी वापरण्याची कल्पना आहे, इमारतींसाठीच्या उष्णतापंपांचा विचार आहे. गुजरात-राजस्थानातल्या सोडून दिलेल्या तेलविहिरी आयत्या खोल आहेत, त्यांच्यापासून सुरुवात करणं शहाणपणाचंच. पण सवलती आणि प्रोत्साहन या शब्दांवर माझा भरवसा उरलेला नाही. मला अर्थसंकल्पात एक ओळ हवी आहे: अमुक इतक्या खोल विहिरी, अमुक इतकी रक्कम, अमुक वर्षापर्यंत.

माझी मागणी स्पष्ट आहे. पुगा आणि चुमाथांगमध्ये दोन किलोमीटरच्या पुढे जाणाऱ्या विहिरी सरकारने स्वतःच्या खर्चाने खणाव्यात. कोरडी निघाली तर नुकसान सरकारने सोसावं आणि ते लपवू नये. तापमान, दाब, पाण्याची रसायनं, सगळी माहिती लोकांसमोर खुली ठेवावी, म्हणजे पुढच्याला पुन्हा शून्यापासून सुरुवात करावी लागणार नाही. पाणी परत खाली घालण्याची विहीर आधी, वीजसंच नंतर. आणि चांगपांच्या ग्रामसभेची संमती या सगळ्याच्या आधी.

तुम्ही वाचक आहात, मतदार आहात, तुमच्या ओळखीत कुणी खासदार असेल. तो जेव्हा पुढच्या वेळी 10,600 मेगावॅटचं भाषण करेल, तेव्हा त्याला एवढंच विचारा: सगळ्यात खोल विहीर किती मीटरची आहे? उत्तर देता आलं नाही तर समजा, की त्याने आकडा पाठ केला आहे, देशाच्या विजेचा विचार केलेला नाही. विहिरी खणून 10,600 च्या जागी 300 मेगावॅट निघाले तरी लडाखचा हिवाळा बदलेल आणि तो खरा आकडा असेल. काहीच निघालं नाही तर तेही कळेल आणि तो पैसा दुसरीकडे लावता येईल. दोन्ही निकाल मला चालतील. पन्नास वर्षं न खणता काढलेला निकाल मला चालणार नाही. सरकारने खणावं, नाहीतर तो आकडा छापणं बंद करावं.